नोबुयो ओयामा यांचा ध्वनिअभिनय : ‘डोरेमॉन’ ते ‘मोनोकुमा’

प्रास्ताविक

जपानच्या ज्येष्ठ ध्वनिअभिनेत्री नोबुयो ओयामा यांचे २९ सप्टेंबर २०२४ रोजी निधन झाले. त्या वेळी त्या ९० वर्षांच्या होत्या. ‘डोरेमॉन’ या निळ्या यंत्रमांजराला १९७९ पासून २००५ पर्यंत म्हणजे सलग सव्वीस वर्षे त्यांनी आवाज दिला, आणि जपानमधील किमान दोन पिढ्यांचे बालपण या आवाजाच्या सोबतीने गेले. साहजिकच त्यांच्याविषयी लिहिताना ‘ओयामा म्हणजेच डोरेमॉन’ हे समीकरण गृहीत धरण्याचा प्रघात पडला. कोणत्याही नटाला हेवा वाटावा असे हे भाग्य आहे. परंतु समीक्षेच्या दृष्टीने विचार केला तर हेच समीकरण त्यांच्या कारकिर्दीच्या मूल्यमापनातील मोठा अडथळा ठरते. नट आणि भूमिका एकच मानली की नटाने केलेली निवड दिसेनाशी होते; उरते ते केवळ निसर्गाचे देणे. जणू काही देवाने एक घोगरा, गोड आवाज घडविला आणि त्याला साजेशी भूमिका आपोआप चालत आली!

या समजुतीमुळे ओयामा यांच्या कारकिर्दीचा शेवटचा टप्पा तर जवळजवळ तळटीपेपुरताच उरला आहे. २०१० मध्ये, वयाच्या ७७ व्या वर्षी, त्यांनी ‘दांगानरोम्पा’ या व्हिडिओ गेममध्ये ‘मोनोकुमा’ नावाच्या क्रूर अस्वलाला आवाज दिला. या भूमिकेचा उल्लेख बहुधा एक गंमत म्हणून होतो : पाहा, डोरेमॉनच्या आवाजात खलनायक! प्रस्तुत लेखाची भूमिका याहून वेगळी आहे. मोनोकुमा हा ओयामा यांच्या कारकिर्दीला जोडलेला विनोदी शेपटीचा तुकडा नसून त्या कारकिर्दीवरचे सर्वांत मार्मिक भाष्य आहे. १९७९ मध्ये त्यांनी डोरेमॉनच्या तोंडून जे काढून टाकले होते ते एकतीस वर्षांनी मोनोकुमाच्या तोंडून परत आले. हे म्हणणे तपासण्यासाठी त्या आवाजाची घडण, डोरेमॉनच्या भाषेविषयी ओयामा यांनी घेतलेला निर्णय आणि गेम या माध्यमातील आवाजाचे स्थान यांचा विचार करावा लागतो.

घोगऱ्या आवाजाची घडण

जपानमध्ये ध्वनिअभिनय करणाऱ्या कलावंताला ‘सेइयू’ म्हणतात. पार्श्वगायनाची सवय असलेल्या भारतीय रसिकाला पडद्यावरचा चेहरा एकाचा आणि आवाज दुसऱ्याचा यात नवल वाटणार नाही. मात्र पार्श्वगायक गाण्यापुरताच येतो. सेइयू मात्र पात्राचे हसणे, खोकणे, धाप लागणे, जांभई देणे हे सारे पुरविते. खुद्द जपानी परंपरेतही आवाज आणि देह यांची फारकत जुनीच आहे. ‘बुनराकु’ या बाहुलीनाट्यात सर्व बाहुल्यांचे संवाद ‘तायू’ हा एकच निवेदक म्हणतो. पण तायू रंगमंचाच्या बाजूला प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर बसलेला असतो आणि प्रयोगापूर्वी संहिता कपाळापर्यंत उचलून तिला वंदन करतो. अ‍ॅनिमेने ही बैठक काढून घेतली आणि आवाज देणाऱ्याला अदृश्य केले.

ओयामा यांचा जन्म १९३३ साली टोकियोत झाला. लहानपणापासूनच त्यांचा आवाज जाड व घोगरा होता आणि शाळेत त्यावरून त्यांची चेष्टा होई. मुलीने गप्प बसणेच पसंत करावे अशी ही परिस्थिती. परंतु आईने नेमका उलटा सल्ला दिला : दुबळी जागा सांभाळत बसलीस तर ती आणखी दुबळी होईल, तेव्हा रोज आवाज वापरावा लागेल असे काहीतरी कर. त्यानुसार त्या शाळेच्या ध्वनिप्रक्षेपण मंडळात गेल्या. ही हकीकत त्यांच्या चरित्रात वारंवार सांगितली जाते आणि तिचा शेवट नेहमी ‘दोषाचे गुणात रूपांतर’ असा केला जातो. समीक्षकाने मात्र त्यातून वेगळी गोष्ट टिपावी. ज्या व्यक्तीला बालपणीच स्वतःच्या आवाजाकडे परक्याच्या कानांनी ऐकावे लागले, तिच्यासाठी आवाज ही आपसूक घडणारी गोष्ट राहत नाही. तो हाताळण्याचे, जोखण्याचे साधन होतो. पुढे त्यांनी ‘हाइयुझा’ या नाट्यसंस्थेच्या प्रशिक्षण शाळेत अभिनयाचे शिक्षण घेतले. आवाजाच्या धंद्यात त्या रंगभूमीच्या वाटेने आल्या, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

एन.एच.के. या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या बालकार्यक्रमात १९६० ते १९६७ या काळात तीन डुकरांच्या प्रसिद्ध गोष्टीवर बेतलेला ‘बू, फू, वू’ हा बाहुलीपट चालला. त्यात सतत कुरकुर करणाऱ्या थोरल्या ‘बू’चा आवाज ओयामा यांचा होता. धाकट्या, कष्टाळू ‘वू’चा आवाज तेत्सुको कुरोयानागी यांचा होता. ‘तोत्तोचान’ या पुस्तकाच्या लेखिका म्हणून मराठी वाचकांना, विशेषतः शिक्षकांना, त्या चांगल्या परिचित आहेत. तोत्तोचानही शाळेला न मानवणारी मुलगी होती, हा योगायोग सुखद आहे. त्यावर अधिक भार टाकण्याचे कारण नाही. महत्त्वाची गोष्ट अशी की ओयामा यांच्या वाट्याला आरंभीच आली ती कुरकुऱ्या, हट्टी पात्राची भूमिका. १९६९ मध्ये ‘साझाए-सान’ या दीर्घायुषी मालिकेतील ‘कात्सुओ’ या व्रात्य मुलाचा पहिला आवाज त्यांचाच होता, जरी तो पहिल्या सुमारे तीन महिन्यांपुरताच राहिला.

मुलग्यांचे आवाज स्त्रियांनी देणे ही जपानी अ‍ॅनिमेची जुनी पद्धत आहे. ओसामु तेझुका यांच्या ‘तेत्सुवान आतोमु’ या १९६३ च्या मालिकेत आतोमुचा आवाज मारी शिमिझु यांचा होता, आणि मासाको नोझावा यांनी तर ‘कितारो’पासून ‘गोकु’पर्यंत मुलग्यांची रांगच उभी केली. या पद्धतीमागे व्यावहारिक कारणही आहे. मुलग्यांचा आवाज काही वर्षांत फुटतो. मालिका मात्र दशकानुदशके चालते. या मांदियाळीत ओयामा यांचे वेगळेपण त्यांच्या स्वराच्या पोतात आहे. त्यांचा मुलगा तारस्वरात चिवचिवत नाही. त्याच्या बोलण्याला थोडी वाळू लागलेली असते.

या पोताचे सामर्थ्य १९७७-७८ मधील ‘झाम्बोट ३’ या मालिकेत प्रथम पूर्णपणे दिसले. योशियुकी तोमिनो यांच्या दिग्दर्शनाखालील ही मालिका वरवर यंत्रमानवांच्या लढायांची. पण तिच्यात शत्रू माणसांच्या शरीरात बॉम्ब बसवून त्यांना घरी पाठवितो, आणि नायक ‘जिन काप्पेई’ या बारा वर्षांच्या मुलाची जिवलग मैत्रीण अशीच मरते. ज्या लोकांसाठी हे कुटुंब लढते तेच लोक त्याला संकट ओढवून आणणारे म्हणून दगड मारतात. काप्पेई हा भांडखोर, उर्मट मुलगा. मालिकेच्या अखेरीपर्यंत त्याची उर्मटता गळत जाते आणि सोबतीचे सारे मेल्यावर तो एकटाच पृथ्वीवर परततो. घोगऱ्या आवाजाचा एक विशेष असा की त्यात बोलणे आणि रडणे यांच्यामधील अंतर फार थोडे असते. काप्पेईच्या भूमिकेत ओयामा यांनी या अंतराचा उपयोग केला. डोरेमॉनच्या आधी, अवघ्या एका वर्षापूर्वी, हा आवाज मृत्यूच्या इतक्या जवळ जाऊन आला होता, हे ‘ओयामा म्हणजेच डोरेमॉन’ म्हणणारे सहसा विसरतात.

‘बोकु’ आणि ‘देसु’

फुजिको एफ. फुजिओ यांची ‘डोरेमॉन’ ही चित्रकथा १९६९ च्या अखेरीपासून मुलांच्या मासिकांतून येऊ लागली. बाविसाव्या शतकातून आलेले, मुलांचा सांभाळ करण्यासाठी बनविलेले मांजराच्या रूपाचे यंत्र, आणि अभ्यासात, खेळात, धैर्यात सर्वत्र मागे पडणारा नोबिता, ही त्यातील जोडी. १९७३ मध्ये या कथेवर पहिली दूरचित्रवाणी मालिका निघाली. तिच्यात डोरेमॉनला प्रथम कोसेई तोमिता या पुरुष नटाने आणि नंतर मासाको नोझावा यांनी आवाज दिला. सहा महिन्यांत ती मालिका संपली. २ एप्रिल १९७९ पासून टी.व्ही. असाही वाहिनीवर दुसरी मालिका सुरू झाली आणि तिच्यासाठी ओयामा यांची निवड झाली. म्हणजे डोरेमॉनचा आवाज कसा असावा याचे दोन नमुने आधीच होऊन गेले होते. ‘स्वाभाविक’ असा आवाज कोणताच नव्हता.

ओयामा यांनी मूळ चित्रकथा वाचली आणि एक निष्कर्ष काढला. हे यंत्र मुलांच्या संगोपनासाठी बनविलेले आहे. तेव्हा ते बनविणाऱ्यांनी त्यात वाईट शब्द भरलेच नसतील. हा तर्क वरकरणी भाबडा वाटतो. प्रत्यक्षात तो नटाने संहितेवर केलेला अर्थनिर्णय आहे आणि त्याचे परिणाम दूरगामी झाले. त्यांनी स्वतः सांगितल्याप्रमाणे, पहिल्या भेटीत आपले नाव सभ्यपणे सांगणारा डोरेमॉन हा त्यांनीच आणलेला. मराठी वाचकाला यातील मर्म ध्यानी येण्यासाठी जपानी भाषेची एक सोय समजून घ्यावी लागते. मराठीत ‘मी’ हा एकच शब्द राजापासून रंकापर्यंत सर्वांना पुरतो. जपानीत प्रथमपुरुषासाठी अनेक शब्द आहेत आणि बोलणारा कोण, कोणासमोर बोलतो, यावर त्यांची निवड ठरते. ‘ओरे’ हा रांगडा, छाती काढून बोलणारा ‘मी’. गल्लीतला दांडगेश्वर जियान तो वापरतो. ‘बोकु’ हा मुलग्याचा, मवाळ ‘मी’. वाक्याच्या शेवटी येणारे ‘देसु’ हे सभ्यतेचे चिन्ह, साधारणतः आपल्या ‘अहो-जाहो’च्या कुळातले. ओयामा यांचा डोरेमॉन ‘बोकु’ आणि ‘देसु’ एकत्र उच्चारतो. मुलगा आहे, पण चांगल्या वळणाचा. घरचा आहे, पण पाहुण्यासारखा नम्र. नोबितालाही तो ‘नोबिता-कुन’ म्हणतो. घरातला वडीलधारा आणि वर्गमित्र यांच्या मधली ही जागा व्याकरणानेच निर्माण केली आहे.

आवाजाच्या बाजूने पाहिले तर या निर्णयाने एक सुंदर ताण निर्माण झाला. शब्द सभ्य आणि पोत खरखरीत. गोड, गुळगुळीत आवाजात ही सभ्य भाषा ऐकू आली असती तर डोरेमॉन उपदेशक झाला असता. घोगरेपणामुळे त्याच्या सभ्यतेला श्रमाची, किंचित थकव्याची छटा येते. ज्याने रोज तेच मूल, तीच रड, तेच गृहपाठ सांभाळले आहेत अशा माणसाची. खिशातून प्रत्येक नवे उपकरण काढताना त्याचे नाव लांबवीत, वाजतगाजत घोषित करण्याची त्यांची पद्धत प्रसिद्ध आहे. ती दवंडी आणि जादूगाराची आरोळी यांच्या मधली आहे. निर्माते फुजिओ यांनी ओयामा यांचा आवाज ऐकल्यावर, डोरेमॉनचा आवाज असा होता तर, अशा आशयाचे उद्गार काढल्याचे सांगितले जाते. लेखकाने आपल्याच पात्राचा आवाज नटाकडून शिकावा याहून मोठी पावती दुसरी नाही.

१९९८ चा ‘परत आलेला डोरेमॉन’ हा लघुचित्रपट या अभिनयाचा उत्तम नमुना म्हणून पाहण्यासारखा आहे. डोरेमॉनला भविष्यकाळात परत जावे लागणार आहे. आपल्यामागे त्याला काळजी राहू नये म्हणून नोबिता जियानशी एकट्याने झुंजतो, मार खातो आणि तरीही सोडत नाही. अखेर जियानच कंटाळून हार मानतो. मूळ चित्रकथेत रात्री झोपलेल्या नोबिताजवळ बसलेला डोरेमॉन निःशब्द आहे. अशा कथेत ध्वनिअभिनेत्रीला हात राखून काम करावे लागते. झाम्बोटच्या काप्पेईत जे रडणे उघडे पडले होते तेच येथे सांभाळणाऱ्याच्या संयमाने दाबलेले ऐकू येते.

या निर्णयाची किंमतही मोजावी लागली, आणि ती नमूद न करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. चित्रकथेतील आरंभीचा डोरेमॉन तितकासा सोज्वळ नाही. तो टोचून बोलतो, नोबिताच्या मूर्खपणाची टर उडवितो, प्रसंगी स्वतःही स्वार्थी वागतो. फुजिओ यांच्या विनोदाला एक तिरकस, काहीशी निर्दय धार होती. ओयामा यांच्या सभ्यतेने ती धार बोथट केली. मालिका जसजशी वयस्क झाली तसतसा आवाजही खाली उतरला, गती मंदावली, आणि उपकरणांची आरोळी साच्यात बसली. अखेरच्या वर्षांतील काही भाग ऐकताना प्रसंगापेक्षा सवयच अधिक बोलते असे वाटते. १९७९ च्या भागांतील चपळ, उंच स्वराशी त्यांची तुलना केल्यास हा फरक कोणालाही जाणवेल. दरम्यान १९९६ मध्ये फुजिओ यांचे निधन झाले होते, आणि २००१ मध्ये ओयामा यांना कर्करोगाच्या शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागले. मार्च २००५ मध्ये त्यांच्यासह पाचही प्रमुख कलावंत मालिकेतून निवृत्त झाले आणि एप्रिलपासून वासाबी मिझुता यांच्या आवाजातील नवा डोरेमॉन आला. नव्या मालिकेतील डोरेमॉन अधिक अवखळ आहे, मूळ चित्रकथेकडे थोडा परत झुकलेला आहे. ओयामा यांनी नेमके काय निवडले होते हे त्या बदलामुळेच प्रथम स्पष्ट दिसले.

काळे-पांढरे अस्वल

२००५ नंतरच्या काळात ओयामा यांनी डोरेमॉनविषयीचे आत्मकथन लिहिले. २००८ मध्ये त्यांना मेंदूच्या विकाराचा झटका आला. अशा वेळी पुढील मोठी भूमिका आली ती गेममधून. (गेम त्यांना परके नव्हते, हे जाता जाता सांगण्यासारखे आहे. चेंडूने विटा फोडण्याच्या ‘अर्कानॉइड’ या खेळात त्या इतक्या निष्णात होत्या की त्यांचे ते कसब दूरचित्रवाणीवर दाखविले गेले होते.)

नोव्हेंबर २०१० मध्ये स्पाइक या कंपनीने ‘दांगानरोम्पा’ हा गेम प्लेस्टेशन पोर्टेबल या हातातील यंत्रासाठी आणला. त्याची कथा काझुताका कोदाका यांची. एका नामांकित विद्यालयात निवडक विद्यार्थ्यांना कोंडले जाते. बाहेर पडण्याचा मार्ग एकच : सहाध्यायाचा खून करावयाचा आणि त्यानंतरच्या ‘वर्गखटल्या’त पकडले जावयाचे नाही. या विद्यालयाचा मुख्याध्यापक म्हणजे मोनोकुमा हे अर्धे पांढरे, अर्धे काळे खेळण्यातले अस्वल. पांढरी बाजू गोंडस आणि काळ्या बाजूचा डोळा तांबडा, चिरलेला. महाविद्यालयीन अध्यापकांनी या खेळातील व्यंग्याकडे केवळ करमणूक म्हणून पाहू नये. गुणवत्तेच्या नावाने मुलांना एकमेकांवर सोडणाऱ्या शिक्षणव्यवस्थेचे हे विद्रूप चित्र आहे, आणि ते प्राचार्यपदावर बसलेल्या बाहुल्याच्या तोंडून बोलते.

मोनोकुमाची भाषा लक्षपूर्वक पाहिली तर ओयामा यांच्या निवडीतील औचित्य ध्यानी येते. तोही स्वतःला ‘बोकु’ म्हणवितो. डोरेमॉनचा ‘मी’ जसाच्या तसा उचललेला आहे. परंतु विद्यार्थ्यांना तो ‘ओमाएरा’ म्हणतो, म्हणजे हलक्या प्रतीच्या ‘तुम्ही’ने, आपल्याकडील अरे-तुरेहून अधिक तुच्छतेने संबोधतो. १९७९ मध्ये सांभाळणाऱ्या यंत्रात भरलेले नाहीत असे ओयामा यांनी ठरविलेले शब्द ते हेच. तोच लडिवाळ ‘मी’, तोच घोगरा पोत, नाव वा नियम घोषित करताना तीच लांबविलेली आरोळी. मात्र खिशातून निघते ते मृत्युदंडाचे यंत्र. फुजिओ यांच्या विनोदातील जी निर्दय धार सभ्यतेखाली झाकली गेली होती ती येथे आवरण फेकून उभी राहते.

यावर एक आक्षेप संभवतो. हा सारा परिणाम ओयामा यांच्या अभिनयाचा नसून केवळ निवडीचा आहे. कोणीही डोरेमॉनचा आवाज खलनायकाला चिकटविला असता तरी श्रोता दचकलाच असता. आक्षेप गंभीर आहे. त्याचे एक उत्तर माध्यमाच्या तंत्रातून मिळते. दूरचित्रवाणीच्या मालिकेत सर्व कलावंत एकत्र उभे राहून चित्रासमोर संवाद म्हणतात. समोरच्याच्या श्वासावर आपला श्वास बेततात. ओयामा यांच्या सव्वीस वर्षांमागे अशी एक घट्ट मंडळी होती : नोबिताच्या नोरिको ओहारा, शिझुकाच्या मिचिको नोमुरा, जियानचे काझुया तातेकाबे, सुनिओचे कानेता किमोत्सुकी. गेममध्ये साधारणपणे कलावंत एकटाच बसून सुटी वाक्ये ध्वनिमुद्रित करतो. शिवाय ‘दांगानरोम्पा’त बराचसा मजकूर वाचावयाचाच असतो. खटल्यांतील वादविवाद वगळता अनेक ठिकाणी आवाज येतो तो एखाद्या हसण्यापुरता, एखाद्या हाकेपुरता. म्हणजे खेळणारा मोनोकुमाचे उरलेले सारे बोलणे मनातल्या मनात त्या आवाजात वाचतो. एवढ्या थोड्या ध्वनीतून इतके मोठे पात्र उभे राहण्यासाठी प्रत्येक तुटक हसू स्वयंपूर्ण असावे लागते. ओयामा यांचे मोनोकुमा-हास्य तसे आहे. त्यात मजा आहे, द्वेष नाही. आणि म्हणून ते अधिक भयंकर आहे. खलनायकासाठी आवाज खाली ओढण्याचा, दात खाण्याचा सोपा मार्ग त्यांनी नाकारला. मोनोकुमा आनंदी राहतो. हा निर्णय अभिनयाचा आहे. केवळ ओळखीच्या आवाजाने तो साधला नसता.

आक्षेपातील अर्धे सत्य मात्र मान्य करावे लागते. या भूमिकेचा काही भाग श्रोत्याच्या स्मृतीत घडतो. ज्याने या आवाजावर लहानपणी विश्वास टाकला त्यालाच तो विश्वास मोडल्याचा धक्का बसेल. सांभाळणारा आवाज आणि छळणारा आवाज यांत घशाचा काहीच फरक नाही, फरक फक्त वापराचा आहे, ही जाणीव मोनोकुमा करून देतो. ती जाणीव ज्यांना अस्वस्थ करते त्यांनी ‘डोरेमॉनचा अपमान’ म्हणून या भूमिकेकडे पाठ फिरवावी हे समजण्यासारखे आहे. पण त्यांच्या नाराजीतच ओयामा यांच्या नटपणाची साक्ष आहे.

२०१२ मध्ये आलेल्या दुसऱ्या गेममध्ये आणि २०१३ च्या अ‍ॅनिमे मालिकेतही त्यांनी मोनोकुमाला आवाज दिला. २०१२ च्या सुमारास त्यांना स्मृतिभ्रंशाचे निदान झाले होते; त्यांचे पती, अभिनेते केइसुके सागावा यांनी २०१५ मध्ये ते जाहीर केले. २०१६ पासून मोनोकुमाचा आवाज ‘चिबी मारुको-चान’ या मालिकेतील मारुकोच्या भूमिकेसाठी प्रसिद्ध असलेल्या ताराको यांच्याकडे गेला. ताराको यांचे निधन मार्च २०२४ मध्ये, ओयामा यांच्या सहा महिने आधी झाले.

हिंदी बोलणारा डोरेमॉन

भारतात ‘डोरेमॉन’ २००५ मध्ये हंगामा वाहिनीवर हिंदीतून आला, म्हणजे ज्या वर्षी ओयामा निवृत्त झाल्या त्याच वर्षी. दाखविले गेले ते १९७९ च्या मालिकेचे भाग. चित्रे तीच, आवाज मात्र वेगळे. हिंदी डोरेमॉनच्या आवाजासाठी सोनल कौशल यांचे नाव झाले. महाराष्ट्रातील मुलांनी नोबिताची गोष्ट हिंदीतून ऐकली, आणि मराठी घरांत मुले डोरेमॉनसारखे हिंदी बोलू लागल्याची तक्रार बरीच ऐकू येई. शेजारच्या बांगलादेशात तर याच कारणावरून २०१३ मध्ये हिंदी डोरेमॉनचे प्रसारण बंद करण्यात आले. एका पात्राचा आवाज राष्ट्रीय भाषाधोरणाचा विषय झाला, आणि तो आवाज ओयामा यांचा नव्हता.

तेव्हा भारतीय प्रेक्षकापर्यंत ओयामा यांचे काय पोहोचले? काटेकोर उत्तर ‘काहीच नाही’ असे द्यावे लागेल. जपानी पद्धतीत चित्र आधी आणि ध्वनी नंतर. ओठांची हालचालसुद्धा त्यांच्या श्वासावर बेतलेली नव्हती. तथापि सव्वीस वर्षे पटकथाकार एका विशिष्ट आवाजासाठी लिहीत होते. डोरेमॉनने काय बोलावे आणि काय बोलू नये याची सीमा त्या आवाजाने आखली होती, आणि भाषांतरकाराच्या हाती आले ते त्या सीमेच्या आतले संवाद. आवाज पुसला गेला. त्याने घडविलेला स्वभाव भाषांतरित झाला. ध्वनिअभिनयाच्या समीक्षेत अशा अप्रत्यक्ष कर्तृत्वाची नोंद कशी घ्यावी याची परिभाषा मराठीत अद्याप घडावयाची आहे. पार्श्वगायनाची परिभाषा येथे अपुरी पडते, कारण पार्श्वगायकाचा आवाज निदान ध्वनिमुद्रिकेवर तरी त्याच्या नावाने राहतो.

‘दांगानरोम्पा’ २०१४ पासून इंग्रजीत आणि २०१६ पासून संगणकासाठीही उपलब्ध झाला. त्यात इंग्रजी आवाजांऐवजी मूळ जपानी आवाज निवडण्याची सोय आहे. हिंदी डोरेमॉन पाहत वाढलेला आणि आता महाविद्यालयात शिकणारा एखादा विद्यार्थी ती सोय वापरील, तेव्हा ओयामा यांचा आवाज तो आयुष्यात प्रथमच ऐकेल, आणि तो मोनोकुमाच्या तोंडून. त्याच्यापाशी मोडण्यासाठी जुना विश्वास नसेल. त्याला ऐकू येईल ते फक्त एका सत्याहत्तर वर्षांच्या नटीचे खेळकर, क्रूर हसणे. त्यानंतर कधी त्याने १९७९ चे मूळ भाग जपानीत ऐकले, तर दचकण्याची पाळी डोरेमॉनच्या वेळी येईल.